शालिकनं तुला काय सांगितलं, बाई?

"सांग! सांगते का नाई? माहा पोट्टा हाय तो, तुहा नाई!"

तुझ्या आंगणात उभा राहून मी बोंबलत होतो, बाई. हातात भोंगा नव्हता, तरी आवाज एवढा की तलावावरचे बगळे उडाले ते अजून परत आले नाहीत, आणि साकोलीच्या स्टँडवर उभी असलेली लाल गाडी ड्रायव्हर चढायच्या आधीच सुटली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो. आणि तू? तू ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विडीचं तोंड नखानं दाबत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अजून थोडा जोरानं, बबन. लाखनीच्या लोकाईले शेवटचं नाई ऐकू गेलं."

"मस्करी नको करू. धानाच्या रोवण्यापासून तो तुह्यापाशी बसून राहिला. आमच्यासंग एक अक्षर बोलत नाई, अन् इथं दुपारभर बोलते. काय बोलते?"

"त्याचं बोलते."

"मी बाप हाव त्याचा!"

"मंग बापासारखा बस ना खाली. जमादारासारखा काहून उभा हायेस?"

मी बसलो नाही. जाताना तुझ्या कुडाची एक काडी उगाच मोडली आणि निघून आलो. हे आपलं शेवटचं बोलणं. मंडईचा, म्हणजे आमच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचा, मांडवसुद्धा उतरला नव्हता, आणि तू गेलीस.

भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकवाल्यानं मला निरोप धाडला, की बाईंवर दोन शब्द लिहून द्या. जन्म, माहेर, सासर, वैधव्य, समाजकार्य. दोन शब्द! ज्या माणसानं गावोगाव सायकलला भोंगा बांधून नाटकांची जाहिरात केली, साध्या पडद्यावरच्या नदीला 'साक्षात गंगा एकोडीच्या वावरात' म्हणून ओरडला, त्याला दोन शब्द पुरतात का? आणि जन्म-मरणाच्या तारखा तुला तरी कुठं ठाऊक होत्या. ते मी लिहीत नाही. मी तुझ्याशी भांडण पुरं करायला बसलो आहे. तू मधूनच उठून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस.

तुझ्या मयतीला एवढी माणसं आली, की मागाहून सगळ्यांनी आंघोळ केली तेव्हा तलाव हातभर खाली गेला. हे खोटं वाटत असेल तर तलावाच्या पाळीवरचा, बांधावरचा, ओला पट्टा जाऊन पाहा. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांमधून नवरा-बायको आले होते, सानगडीकडून एक म्हातारा बैलबंडीत निजून आला होता. सगळे रडत होते. पण मी धंद्यानं माणसांची तोंडं पाहणारा. मला दिसलं, की रडता रडता काहींच्या तोंडावर थोडी सुटकाही होती. त्यांनी तुझ्यापाशी ठेवलेलं सगळं तुझ्यासोबत चाललं होतं. आता ते कोणालाच कळणार नव्हतं. लाकडं पेटली तेव्हा त्यांनी हात जोडले. मी मात्र उलटा विचार करत होतो. थांबवा रे, म्हणावंसं वाटत होतं. माझ्या पोराचं बोलणं जळतंय तिथं.

बाई म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण. माझी तू सख्खी बाई, पण साऱ्या एकोडीनं तुला बाईच केलं होतं. ज्याच्या घरी भांडी आपटली, तो दुसऱ्या दिवशी तुझ्या ओसरीवर. आणि तिथं तुझा कायदा. स्वतःचं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. नवऱ्यानं बायको होऊन बोलायचं, बायकोनं नवरा होऊन. सासू-सून असतील तर तसंच. गावात त्याला 'उलटं बसणं' म्हणत. 'काल ते दोघं बाईकडे उलटे बसले' म्हटलं, की पुढं कोणी विचारत नसे. मी एकदा तुला म्हटलं होतं, हे काय उफराटं काढलंस तू? तू म्हणालीस, "रोवणा करताना बाया मागं मागंच चालतेत ना? समोर चाललं तं आपलंच रोवलेलं आपल्याच पायाखाली येते."

नामदेव आणि कौशल्याचं तुला आठवत असेलच. तेव्हा नामदेवानं नवा ट्रान्झिस्टर घेतला होता आणि त्याच्या खोळीला रोज फडकं मारत होता. कौशल्या रागानं आंबागडला माहेरी निघून गेली. तिला आणायला तू मला पाठवलंस, कारण बाकीचे खरं बोलले असते. मी तिला सांगितलं, "वयनी, नामदेव इतका वाळला, का काल गाईनं तणीस समजून त्याच्या पायाले तोंड घातलं." ती हसली आणि हसण्याच्या भरात गाडीत बसली. अर्ध्या वाटेत तिला राग आठवला, पण तोवर तुमसर मागं पडलं होतं.

मग ओसरीवर तू नामदेवाला म्हणालीस, "तू आता कौशल्या हायेस. बोल."

नामदेव खाकरला. "मी कौशल्या. माहा नवरा तसा चांगला हाय..."

"बाई, हा खोटं बोलून राहिला!" कौशल्या उसळली.

तुझा विडी वळणारा हात थांबला. हीच तुझी कचेरी. कोणी खोटं बोललं की हात थांबायचा; खरं आलं की पुन्हा चालू. तू कोणाच्या डोळ्यात पाहत नव्हतीस आणि कोणाला तुझ्या डोळ्यात पाहू देत नव्हतीस. सगळे तुझ्या बोटांकडे पाहून बोलायचे. नामदेवही बोटांकडे पाहत बसला. मग पडक्या आवाजात म्हणाला, "मी कौशल्या. मी रांधते, वाढते. तो रेडिओकडे तोंड करून जेवते. एक दिवस मी वरणात मीठच नाई टाकलं. पाहू म्हटलं, ह्याले समजते का. त्यानं तसंच खाल्लं अन् हात धुतला."

तुझी बोटं चालू झाली. कौशल्या तोंड उघडं टाकून बसलेली. "तुले समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मंग बोलला काहून नाई?"

"तू रागात होती. म्हटलं, बिनमिठाचंच खाऊ आज."

हे मला कसं माहीत? तू नाही सांगितलंस. तू मेलीस तरी सांगितलं नसतंस, आणि तेच करून दाखवलंस. मी तणसाच्या ढिगामागं लपून ऐकत होतो. ऐन वेळी शिंक आली, आणि ती शिंक मी बैलावर ढकलली. तू तिथूनच म्हणालीस, "बैलाले म्हणा, घरी जाय, बायको शेवंता वाट पाहून राहिली." दोघं गेल्यावर मला बोलावून जे ऐकवलंस ते अजून टोचतं. म्हणालीस, "बबन, तुह्या कानात गेलेलं सरळ तोंडात येते. मधात पोटच नाई तुले."

लहान पोरांना तू काहीच विचारत नव्हतीस. जवाहरनगरचे ते साहेब आपली मुलगी घेऊन आले होते. शाळेत पोरांना चावे घ्यायची, घरी कोपऱ्यात बसायची. साहेबांनी खुर्ची मागितली. तू त्यांना ओल्या तेंदूपानांची टोपली दिलीस, 'पुसा' म्हणालीस. साहेब पँट वर करून पानं पुसत बसले, आणि बापाला तसं पाहून पोरगी येऊन शेजारी बसली. "लहान्या पोट्ट्याले विचारू नाई," तू म्हणायचीस, "हाताले काम द्यावं. हात गुतले का तोंड आपोआप मोकळं होते." मी ही गोष्ट पुढं सगळीकडे सांगितली, माझ्या सांगण्यात त्या साहेबांचे कलेक्टर झाले, आणि त्यांनी पानं पुसून पुसून अख्खं सूपभर विड्या वळल्या. तुझ्या कानावर गेलं तेव्हा तू कपाळावर हात मारलास. मग हसलीस. ते हसू मला मेडल होतं, बाई. मी साऱ्या मुलखाला हसवलं, पण तू क्वचित हसायचीस, म्हणून मी फेकत राहायचो.

आता मात्र फेकायला काही सुचत नाही. म्हणून सरळ लिहितो.

शालिकचा निकाल लागला आणि तो मॅट्रिकला बसला. बसला म्हणजे नापास. आमच्या घराण्यात नापास होणं ही काही बातमी नव्हे. मी तर इतक्या वेळा नापास झालो की शाळेनं माझा बाक दुसऱ्या कोणाला दिलाच नाही. मी त्याला हेच सांगितलं. तो हसला नाही. जेवला नाही. मग एका संध्याकाळी तो घरी नव्हता. मच्छी धरणाऱ्या एका माणसानं त्याला तलावाच्या पाळीवरून हाताला धरून आणलं. शालिकचा हात त्यानं माझ्या हातात दिला आणि तो गेला. त्या हाताचा थंडपणा मला कोणत्याही शब्दात मोठा करून सांगता येत नाही.

मग मी काय केलं? तेच, जे मला येतं. त्याच्यापुढं बसून सगळं भांडार रिकामं केलं. वाघाला चष्मा लावल्याची गोष्ट सांगितली. नाटकात राजाची मिशी सुटून राणीच्या आंबाड्यावर बसली, ती सांगितली. माझा आवाज चढत गेला. शेवंता दाराआड तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि शालिक भिंतीकडे पाहत होता. मी इतकं बोललो, बाई, की त्या घरात बोलायला दुसऱ्या कोणाला जागाच उरली नाही.

तू आलीस. काही विचारलं नाहीस. "पानं कापायले माणूस नाई माह्यापाशी. ह्याले धाड," एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी तुझ्याकडे जायला लागला. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीनं कापायचं. पहिले काही दिवस नुसती कात्री वाजायची. आणि एक दिवस मी तुझ्या घरामागून सायकल घेऊन जात होतो, तर भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. नुसती गुणगुण, पोळ्यातल्या माशीसारखी. मी सायकल धरून उन्हात उभा राहिलो. ज्याचा आवाज चार गावं ऐकतात, तो मी, भिंतीला कान लावून. आणि मला इतकं बरं वाटलं, की मी तिथंच रडलो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. शालिक परत भात खायला लागला, धान कापायला आला, एकदा तर त्यानं बांधावर कोणाशी तरी भांडणही केलं. मला वाटलं पेढे वाटावेत. तुझे उपकार आहेत. हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो, कारण उपकार आणि राग एकाच हातानं लिहावे लागत आहेत.

कारण बरं वाटून माझं भागलं नाही. मला शब्द हवे होते. काय बोलतो तो? माझं नाव घेतो का? पुन्हा पाळीवर जाईल का? मी तुला गोड बोलून विचारलं, खोटं सांगून विचारलं. शालिकनंच मला सगळं सांगितलं, आता फक्त तू हो म्हण, असाही डाव टाकला. तुझा हात थांबला. पुढं काही बोलावं लागलंच नाही.

"बाई, एवढं तरी सांग, तो जगते ना?"

"आज जगते," तू म्हणालीस. "उद्याचं उद्या त्याले विचारते मी. रोज विचारते."

रोज विचारायचीस! म्हणजे तू ते नाव घेऊन, उघड विचारत होतीस. आमच्या घरात तर 'तलाव' हा शब्दसुद्धा कोणी काढत नव्हतं. शेवंता 'पाणी' म्हणतानाही अडखळायची. मी म्हटलं, "असं विचारू नको, त्याच्या डोक्यात येईन." तू म्हणालीस, "त्याच्या डोक्यात हायेच. विचारलं का त्याले समजते, मलेही माहीत हाय. एकट्यानं वाहत नाई मंग तो." आणि मग सूप बाजूला ठेवून, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यात पाहून म्हणालीस, "धान घरी आलं का तू बस त्याच्यासंग उलटा. तू शालिक होऊन बोल."

मी टाळलं. आज मळणी आहे, उद्या मंडई आहे, परवा नाटकाची जाहिरात आहे. मी राजा झालो आहे, राक्षस झालो आहे, नट पळून गेला तेव्हा मिशीवर पदर घेऊन राणीही झालो आहे. शालिक व्हायला मात्र मला भीती वाटली. त्याऐवजी तुझ्या आंगणात येऊन बोंबललो. सोपं तेच होतं.

आणि तू गेलीस, बाई.

शालिक रडला नाही. मयतीत लाकडं उचलली, सगळ्यांसारखी आंघोळ केली आणि येऊन तुझ्या ओसरीवर बसला. तेव्हापासून तिथंच. तू भिजवून ठेवलेली पानं काळी पडली, ती त्यानं फेकूही दिली नाहीत. माझ्याशी बोलत नाही, शेवंताशी नाही. भात ताटात तसाच वाळतो. मी विहिरीवर गेलो तर शेवंता त्याच्याकडे लक्ष ठेवते, ती गेली तर मी. दोघं एकमेकांना नुसती मान हलवून सांगतो, जातो, आलो. नाटकांचा हंगाम चालू आहे, माणसं मला शोधत येतात, भोंगा खुंटीला आहे. येणाऱ्याला मी सांगतो, घसा बसला. इतकं लहान खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

तू सगळ्यांचं सांभाळलंस, पण मला इतकं लुटलं कोणी नाही. एक शब्द ठेवून जायचंस. 'बबन, त्याला अमुक दुखतं.' मी कोणाला सांगितलं नसतं. हात थांबवू नकोस वरती. बरं, सांगितलं असतं. एखाद्याला. वाढवून. तरी एक शब्द तर ठेवायचास.

काल दुपारी तुझ्या ओसरीवर गेलो. शालिक खांबाला टेकून बसला होता. मी तुझं सूप मांडीवर घेतलं. का, ते ठाऊक नाही. हाताला काहीतरी हवं होतं. विडी वळायला घेतली, तर ती गाजरासारखी झाली. शालिकनं पाहिलं. हसला नाही, पण पाहिलं माझ्या बोटांकडे.

मी म्हटलं, "मी शालिक हाव."

माझा आवाज, बाई! समोर बसलेल्याला ऐकू जाईल एवढाच निघाला. तेवढा लहान आवाज माझ्यापाशी आहे, हे मला माहीत नव्हतं.

"मी शालिक हाव. मी नापास झालो. संगचे पोट्टे साकोलीले कॉलेजात गेले, अन् मी धानात हाव."

"मी शालिक हाव. माहा बाप भोंगा हाय. तो घरीही भोंगा हाय. मी एक बोललो का तो दहा बोलते. त्याची मले लाज वाटते." तो बोटांकडेच पाहत होता.

"मी शालिक हाव. आत्या होती तं मी बोलत होतो. आता तेही नाई." आंगणात एक कोंबडी फिरत होती, ती थांबली, पुन्हा चालू लागली.

मग मला कळलं, की मी पुन्हा आजूबाजूनं फिरतो आहे. जे आहे ते सोडून बाकी सगळं सांगतो आहे. मी सूप खाली ठेवलं. नामदेवासारखं बोलावं म्हटलं, पडक्या आवाजात. पण तो आवाज काढावा लागला नाही, तोच निघाला.

"मी शालिक हाव. मले जगावंसं वाटत नाई."

मी मान खाली घातली. वर पाहायची हिंमत नव्हती. तू असतीस तर तुझ्या हाताकडे पाहिलं असतं, की चालतो आहे की थांबला. तिथं कोणाचाच हात नव्हता. मग शालिक बोलला. तू गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ज्या आवाजात माणूस बाजाराचा दिवस सांगतो त्या आवाजात.

"शेवटचं बरोबर हाय, बाबा. बाकीचं तुमी वाढवून सांगितलं."